बाबांचा अर्धवट डाव

तीर्थरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (विमानाच्या खुर्चीत पाठ धरल्यापासून सरळ होताच येत नाही, तेव्हा नमस्कार अगदी खरा समज.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला? इकडे सगळे खुशाल आहेत. मी सोडून, पण मला कोणी विचारत नाही, तेव्हा मलाही खुशालच धर.

मी परदेशातून कायमची परत आले, हे तुझ्या कानावर आलंच असेल. ज्याच्याबरोबर तिकडे सहा वर्षं संसार केला (लग्नाचं तेवढं राहून गेलं) आणि ज्याला तू एका व्हिडिओ कॉलवर देवमाणूस ठरवलंस, त्याने एका रविवारी इस्त्री करता करता सांगितलं, की त्याला आता एकटं राहायचंय. इस्त्री माझ्याच कुर्त्याला चालली होती, म्हणून मला वाटलं गंमत करतोय. उरलेली बाही संपवून, कुर्ता हँगरला लावून, मगच त्याने मला रडायला मोकळं सोडलं. घर त्याच्या नावावर, म्हणून निघायचं मी. रागाच्या भरात सामान असं भरलं, की इथे येऊन बॅग उघडली तर कुकरचं नुसतं झाकण निघालं. कुकर तिकडेच. सहा वर्षांत माझ्या वाट्याला आलं ते एवढंच.

इथे माझ्या खोलीत बाबांची व्यायामाची सायकल आहे आणि सायकलवर आईने वाळत घातलेले कपडे. मला पलंगाची एक कड मिळाली आहे. आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, मी सुट्टीवर आलेय. बाबांनी त्याच काकूंना लिफ्टमध्ये सांगितलं, कंपनीने घरून काम दिलंय. (मी कवळ्या बनवायचे, आत्या. घरून?) वहिनीने खरं काय ते सांगून टाकलं. आता काकू रोज संध्याकाळी येऊन तिन्ही हकिकती ताडून बघतात आणि मी आत सायकलमागे बसून दातओठ खाते.

पण खरा घाव वेगळाच आहे. बाबा रोज जेवणाआधी फोन घेऊन गॅलरीत जातात. मला वाटलं, तब्येतीचं काही लपवतायत, म्हणून मागोमाग गेले. तुझा भाऊ देवमाणसाशी बुद्धिबळ खेळत होता. फोनवरून, एकेक चाल, गेली कित्येक वर्षं. आमचं मोडलं त्या रविवारीही बाबांनी हत्ती हलवला होता. मी आवाज चढवला, तर चष्मा पुसत म्हणाले, "अगं, डाव अर्धवट आहे. तुझं त्याच्याशी संपलं, ते कळलं मला. पण मला कुठे काय बोललाय तो?" आई म्हणाली, जाऊ दे, त्यांना बोलायला दुसरं आहे कोण. म्हणजे मी कुणी नाहीच. तिकडून निघताना वाटलं नव्हतं इतकं एकटं मला त्या गॅलरीत वाटलं. हा डाव संपला की बंद, असं बाबांनी वचन दिलंय, आणि तेव्हापासून एका चालीला तीन-तीन दिवस लावतायत.

असो. आतोबांनाही नमस्कार सांग. तुझा वर घातलाच आहे.

तुझी (सध्या सुट्टीवर असलेली) भाची

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. तुझी मागची खोली रिकामी आहे ना? येऊ का राहायला? आणि बाबांना फोन करून चांगलं खडसाव. थोरल्या बहिणीचं ते ऐकतात. तो डाव आजच्या आज बंद झाला पाहिजे.

आणखी एक ता. क. : फोन करू नकोस. हे पत्र पाकिटात घालणार, तेवढ्यात बाबा आंघोळीला गेले. फोन टेबलावरच होता. त्यांचा घोडा मी हलवला. (खेळ मला त्यानेच शिकवला आणि माझी प्रत्येक चाल परत घ्यायला लावायचा.) तिकडून लगेच उत्तर आलं, "वा काका, ही कशी सुचली?" आत्या, सहा वर्षांत त्याच्या तोंडून मला एकदाही "वा" ऐकायला मिळालं नाही. खोलीचं राहू दे. त्याला हरवलं की मगच येते. उद्यापासून बाबांसाठी गीझर मीच लावणार आहे.