पेटीवाल्याची पिवळी बोटं

रविवार, डिसेंबर १९७१

खिडक्यांना काळे कागद लावून झाले. आता बसलेय, पण मन लागत नाही.

नागपूरहून आलेल्या दादाला आज ओमती मोहल्ल्यातली आपली गल्ली दाखवली. केवढ्या हौसेनं बोलून राहिले होते मी! हा तसबिरी मढवतो, तो संगमरवरातून गणपती कोरतो, तुमच्या नागपुरात आहे का असं? दादा म्हणाला, "आणि तुझे ते पेटीवाले रामसेवक? पत्रात त्यांचंच तर कौतुक असतं."

त्यांच्या दुकानाला कुलूप. "गावाला गेलेत," मी थाप मारली. काहून मारली? लढाईची भरती निघाली तेव्हा मीच आमच्या यांच्या मागे लागून रामसेवकांना यांच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लावलं, हे सांगायची लाज वाटली. बांधलेला पगार मिळेल, एवढंच पाहिलं मी. पेटीचे सूर जुळवणारा माणूस तोफगोळे भरायला बसवला.

तेवढ्यात रामसेवकच सायकलवरून आले, ड्यूटी करून. बोटं हळदीनं माखल्यासारखी पिवळी. गोळ्यांत भरायची ती पूड कितीही घासली तरी निघत नाही म्हणे.

दादानं त्यांनाच विचारलं, "भैया, ये पेटीवाले गाँव से कब लौटेंगे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात खिशात घातले. "पता नहीं, बाबूजी. मैं तो बगल में रहता हूँ."

घरी येताना दादा म्हणाला, "त्या माणसाची बोटं पाहिलीस? कावीळ असेल. औषध घ्यायला सांग त्याला."

मी म्हटलं, सांगते.