हळू गायलेलं गाणं

ग्लासगो,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

नमस्कार तुला आणि तुझ्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनाही. फराळाचा डबा न फुटता पोचला. चिवडा यशोधनने उभ्या उभ्या संपवला, तुझ्या मेहुण्याला लाज कसली ती नाहीच. चकली मी चहात बुडवून खाते आहे. हसू नकोस, का ते पुढे सांगते.

व्हॉट्सॲप असताना ही बया पत्र कशाला लिहितेय, असं तू पाकीट फोडतानाच म्हणशील. तेही सांगते. आधी गाण्याचं.

तुझ्या भाचीने, देविकाने, पाठवलेली माझ्या गाण्याची क्लिप ऐकून तू मला लिहिलंस, "अनू, आता कुठे तुला गाणं समजलं." ताई, मी परकरात असल्यापासून तू मला शिकवलंस आणि "बरं होतं" याच्या पुढे कधी गेली नाहीस. तुझी लेक डॉक्टर झाली तेव्हाही तू एवढं बोलली नव्हतीस. ते वाचून मी ऑपरेशन थिएटरच्या चेंजिंग रूममध्ये बसून रडले. आनंदाने नाही.

ती क्लिप ज्या क्लबातली आहे, तिथे दर गुरुवारी इथली पेन्शनर मंडळी काउबॉय हॅटा घालून जमतात आणि जुनी अमेरिकन गाणी गातात. तुझ्या लेखी तो नुसता तमाशा, पण मला आवडतो. क्लिपमधलं ते गाणं तिथे सगळ्यांना पाठ आहे. सोडून गेलेल्या नवऱ्याला बायको सांगते की माझं छान चाललंय, आणि दर कडव्याला तिचं खोटं उघडं पडत जातं. सगळे ते घसा ताणून, टिपेला जाऊन, अगदी गळा काढून गातात. मीही तसंच गायचे. त्या दिवशी हळू गायले, भाजी चिरता चिरता शेजारणीशी बोलावं तसं. बारमधले ग्लाससुद्धा वाजायचे थांबले. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने हॅट काढून मांडीवर ठेवली. नंतर जो तो येऊन माझ्या इंटरप्रिटेशनचं कौतुक करत होता.

इंटरप्रिटेशन कसलं डोंबलाचं! वरचा आवाज लागतच नव्हता.

एकट्या डंकनला कळलं, आमच्या गिटारवाल्याला. वायरी गुंडाळताना हळूच म्हणाला, "अनू हेन, वी'व्ह ड्रॉप्ड द की अगेन. यू ऑल राइट?" हेन म्हणजे इथलं लाडाचं "बाय", आणि की म्हणजे आपली पट्टी, ती पुन्हा उतरवली होती. मी म्हटलं, "जस्ट अ कोल्ड, डंकन." तू मला काळी चारमध्ये शिकवलंस ना? मी आता पांढरी चारवर उतरले आहे, आणि तिथेही ओळ संपायच्या आत दम संपतो.

सर्दी नाहीये. माझ्या गळ्यात थायरॉइडला गाठ आहे आणि ती कॅन्सरची आहे. लिहिलं बाई एकदाचं. चकली चहात बुडवते ती म्हणूनच, कोरडं गिळवत नाही. आता खाली बस आणि पाणी पी. या कॅन्सरने सहसा माणूस जात नाही, हे मी तुला बहीण म्हणून नाही, डॉक्टर म्हणून सांगते. पण आवाजाची नस तिथूनच जाते आणि गाठ तिला चिकटली आहे. परवा, मंगळवारी ऑपरेशन. नस सुटली तर सोडवतील. नाही सुटली तर कापतील.

भूल द्यायचं माझं काम. इतकी वर्षं रोज लोकांच्या घशात नळी सरकवते, तेव्हा स्वरतंतू समोर दिसतात, दोन पांढऱ्या फिती. "थोडा घसा खवखवेल हं," असं मी प्रत्येकाला हसून सांगते. माझ्या स्वतःच्या फिती मी परवा-परवापर्यंत पाहिल्या नव्हत्या. नाकातून कॅमेरा घालून घशाच्या डॉक्टरने मला "ई" म्हणायला लावलं. उजवी लगेच मध्ये आली. डावी जेमतेम हलली. तो काही बोलायच्या आत मला काय ते कळलं होतं.

यशोधन गेले काही दिवस घरभर हूव्हर, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, फिरवत असतो. घाबरला की त्याला धूळ दिसते. काल हूव्हर बंद करून म्हणाला, "अगं, ताईंना फोन कर ना. जस्ट टेल हर."

"तिला माझा हा आवाज ऐकवायचा नाहीये मला."

"ऐकू दे की. त्यांना एका सेकंदात कळेल."

"आणि नाही कळलं तर?"

त्याला हे माहीत नाही, ताई. कोणालाच नाही. दसऱ्याच्या आसपास तुला अनोळखी नंबरवरून एक फोन आला होता, आठवतो? घोगऱ्या आवाजातली बाई म्हणाली, "ताई, मी अनू बोलतेय, हॉस्पिटलमधून." तू तिला पुढे बोलूच दिलं नाहीस. "लाज नाही वाटत? माझ्या बहिणीचा आवाज मला कळत नाही का?" म्हणून फोन आपटलास. मग घरच्या ग्रुपवर लिहिलंस, भामटीला कशी झापली. सगळ्यांनी तुला शाबासकीचे अंगठे पाठवले. मीही पाठवला.

ती भामटी मीच होते. रिपोर्ट नुकताच हातात पडला होता, मोबाइल लॉकरमध्ये होता, वॉर्डच्या फोनवरून पहिला नंबर फिरवला तो तुझा.

तुझी काही चूक नाही. तिकडे माणसांना किती फसवतात ते रोज वाचते, आणि तसा फोन आला तर ठेवून दे असं मीच तुला बजावलं होतं. पण तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. सुरीची भीती नाही मला. भीती वाटते ती भूल उतरल्यावर तोंड उघडण्याची. आई गेल्यावर नुसत्या हाकेवरून "आज काय बिनसलंय गं?" विचारणारी तू एकटी उरलीस. तुझ्या कानात जर मी राहिले नाही, तर ताई, मी कोण म्हणून बोलू? फार भीती वाटते गं मला. तुझ्या कुशीत शिरून सांगावंसं वाटतं, पण सांगायलाही आवाजच लागतो.

हे पत्र मी मुद्दाम आता टाकते आहे, म्हणजे तुला मिळेल तोवर ऑपरेशन होऊन गेलं असेल आणि तू इकडे यायची तिकिटं शोधत बसणार नाहीस. मी ठीक असल्याचं देविका कळवेलच. पत्र मिळालं की तिला सांग. मग मी फोन करीन. व्हिडिओ नाही, चेहरा दाखवून ओळख पटवायची नाहीये मला. नुसता फोन. मी एकदाच "ताई" म्हणेन. कदाचित फाटका येईल, कदाचित नुसती हवाच येईल. तरी थांब. कोण बोलतंय म्हणून विचारू नकोस, आणि फोन ठेवू नकोस.

मी तीच,
अनू