शालूचा रंग

वॉलॉंगॉंग, ६ फेब्रुवारी २०२५

चि. रामभाऊस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडायला लागले की सारंग घाबरून धावत येतो, की आईला झालं तरी काय. म्हणून हे पत्र.

नातीची शाळा आणि स्वयंपाक सोडून मला काहीतरी हवंच होतं. इथल्या गॅलरीत लोकांना चित्रं दाखवत फिरवणारे व्हॉलंटियर असतात. मी नाव दिलं, ट्रेनिंगही झालं. पण गेल्या गुरुवारी परीक्षेच्या टूरमध्ये अशी आपटले की विचारू नकोस. पाठ केलेलं इंग्लिश तिसऱ्याच चित्रापाशी संपलं. आमची मुख्य मार्गरेट नो वरीज म्हणाली खरी, पण आता मार्चमध्ये एकच संधी आहे. माहिती कमी सांग, लोकांना बोलतं कर, असं तिचं म्हणणं.

मग अण्णा आठवले. दर दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या त्यांच्या ड्रॉइंगच्या वर्गाबरोबर घरच्या आपल्या दोघांनाही एसटीने औंधच्या संग्रहालयात न्यायचे, चित्रापाशी एकेकाला पुढे करून रंग विचारायचे. काय दिवस होते! मीही तेच करणार. तू मात्र कंटाळून पायऱ्यांवर सगळ्यांच्या चपला राखत बसायचास, आळशी कुठला.

गिरिजाला घेऊन जोडीने इकडे कधी येतोस? आता विचारायचाही कंटाळा आला.

तुझी वाट बघणारी,
ताई (चित्रलेखा)


सातारा, २५ फेब्रुवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. गिरिजाने आधी वाचलं, मग मला दिलं. ही या घरची पद्धत.

ताई, मी कंटाळून बाहेर बसत नव्हतो. मी आठ वर्षांचा असताना अण्णांनी मला एका मोठ्या चित्रापुढे उभं केलं आणि त्यातल्या बाईच्या शालूचा रंग विचारला. मी मातकट म्हणालो. तो लालभडक होता. डोळे घरी विसरून आलास का, असं म्हणून अण्णा हसले. सगळा वर्ग हसला. तूही हसलीस, सगळ्यांत मोठ्याने. पुढच्या वर्षापासून चपला मी मागून घेतल्या.

विसाव्या वर्षी रेल्वेच्या नोकरीसाठी डोळे तपासले, तेव्हा कळलं की मला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. नोकरी हुकली, दूध संघात कारकून झालो. त्याचं दुःख नाही. अण्णांना मात्र कारण सांगितलं नाही. पोरांना रंग शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? जागा भरल्या म्हणालो. ते गेले तेव्हाही त्यांना तेवढंच माहीत होतं.

हे मनाला लावून घेऊ नकोस. टूरची तयारी कर.

तुझा धाकटा,
रामभाऊ


वॉलॉंगॉंग, २१ मार्च

चि. रामभाऊस अनेक आशीर्वाद.

मी हसले होते हे मला आठवतही नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. माफ कर म्हणायला छप्पन्न वर्षं उशीर झाला, तरी म्हणते. आणि तू कसला रे, एवढं पोटात ठेवून बसलास?

काल टूर झाली. नऊ जण होते. रंगाचा प्रश्न मी वहीतून खोडून टाकला होता. वादळी समुद्राचं एक चित्र आहे, मागे इथल्या पोर्ट केंबला बंदरातल्या स्टीलवर्क्सच्या, म्हणजे पोलाद कारखान्याच्या, चिमण्या. डोळा आधी कुठे गेला, एवढंच विचारलं आणि गप्प उभी राहिले. मार्गरेट मागे गुणांचा कागद घेऊन उभी. शेवटी एक म्हातारा पुढे झाला. धक्क्याखाली अंधारात कोणी बाई बसलीय, तिच्याकडे, असं म्हणाला. मी ते चित्र वीसदा पाहिलं असेल, ती मला कधी दिसली नव्हती! सगळे वाकून बघायला लागले, मग बोलणं थांबेचना. तो त्याच स्टीलवर्क्समध्ये तीस वर्षं होता. एरवी बायको आत जाते आणि मी बाहेर कॅफेत बसतो, असं जाताना म्हणाला.

पास झाले. आता दर गुरुवारी टूर माझी.

तुझी अपराधी,
ताई


सातारा, ९ एप्रिल

ती. ताईस साष्टांग नमस्कार आणि अभिनंदन.

रविवारी गिरिजा म्हणाली, औंधला जाऊ. मी नाही म्हणालो, तर तिने डबा भरायलाच घेतला. तिकडे आता आवारात बाकं आहेत. मी बसू लागलो, तिने हाताला धरून आत नेलं.

रंग मला दिसतात तसेच दिसले. पण एका म्हातारीच्या चित्रापाशी पाय थांबले. उजेड एकाच गालावर आहे, दुसऱ्या बाजूचा डोळा अंधारात, पण तोच आपल्याकडे बघतो. तिच्या हातात सुई आहे आणि दोरा ओवलेला नाही. हे सगळं मी गिरिजाला सांगत होतो. भान आलं तेव्हा मागे चार कॉलेजच्या मुली ऐकत उभ्या होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, पुढच्या चित्राबद्दलही सांगाल का, काका?

सांगितलं, ताई. बंद व्हायची वेळ होईपर्यंत सांगत होतो. येताना गिरिजा एसटीत नुसती माझ्याकडे बघत होती.

सारंगला व्हिसाचे कागद पाठवायला सांग. तिथल्या गुरुवारच्या टूरमध्ये आमची दोन नावं घाल. मात्र हा माझा भाऊ, अशी ओळख सुरुवातीलाच करून देऊ नकोस. आधी मला एका चित्राबद्दल बोलू दे.

लोभ आहेच, तो तिथे येऊन वाढवू.
तुझा,
रामभाऊ