विसळणं नव्हे, धुणं

४ मार्च, मंगळवार
आजपासून बाटली माझ्या ताब्यात. बायकोच्या हातभर लांब रिमोटवाल्या गाडीत खरंखुरं इंजिन आहे. ते नायट्रो नावाच्या इंधनावर चालतं, आणि शर्यत चालू असताना ते टाकीत ओतायला ही वाकड्या चोचीची प्लास्टिकची बाटली. गाडी ती चालवते, बाटली मी दाबतो. म्हणजे जवळजवळ मीच चालवतो.

गेल्या खेपेला बाटलीतली घाण इंजिनात गेली आणि गाडी मध्येच बसली. आता रविवारी फायनल. बायको पहिल्यांदाच फायनलला पोचली आहे. आज अगदी शांतपणे म्हणाली की या वेळी बाटलीमुळे काही झालं, तर पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत इंधन भरायच्या जागी, माझ्याऐवजी तिचा भाऊ. हा मेहुणा लग्नापासून मला पाण्यात पाहतो.

संकल्प: बाटलीच्या हात धुऊन मागे लागायचं.

५ मार्च
दुकानदाराला फोन केला. म्हणाला, पाणी-साबण काही लावू नका, थोडं नायट्रो घालून विसळा, ओतून टाका, झाकण घट्ट लावा, झालं. हे इंधन म्हणे पाणी पितं आणि मग इंजिन रुसतं.

विसळा म्हणे. मी चहाचा कप रोज विसळतो आणि बायको तो रोज परत धुते. विसळून भागत नाही याला आणखी काय पुरावा पाहिजे? दुकानदाराला इंधन खपवायचंय, दुसरं काय.

गरम पाणी, भांड्यांचा साबण, लिंबाच्या वासाचा. सढळ हाताने.

६ मार्च
बाटली लखलखीत. उगाच दोनदा उजेडात धरून पाहिली.

बायकोने विचारलं, पाणी तर नाही ना लावलंस. मी म्हटलं, रविवारी पाण्याचा थेंब सापडला तर नाव बदलून टाकीन. हे खोटं नाही. रविवार अजून लांब आहे.

चोचीच्या बाकात एक थेंब अडकून बसलाय. हलवला, फुंकला, आपटला. मग बायकोचा हेअर ड्रायर लावला. थेंब गेला. चोच मऊ पडली आणि आता आभाळाकडे बघते. सुधारणाच आहे एक प्रकारे.

७ मार्च
नव्या चोचीने ओतायचा सराव. सरावाला नायट्रो कोण वाया घालवणार? पाणी घेतलं. वॉशिंग मशीनच्या साबणाच्या खणात नेम धरला. आधी माझा शर्ट, मग भिंत, मग पायपुसणं. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या की तुमची टाकी भरून वाहतेय का. मी म्हटलं, सराव चाललाय. त्या आणखी काही न विचारता गेल्या. शेवटी नेम बसला. लय भारी वाटलं.

बाटली परत ओली झाली, हे ओघाने आलंच.

८ मार्च
बाटली कोरडी करायला जुना बनियन चमच्याच्या दांड्याने आत कोंबला. आत छान गेला. बाहेर यायला तयार नाही. जोर लावून ओढला तेव्हा बराचसा आला. उरलेला आतच राहू दिला. लोक फिल्टर विकत आणतात.

९ मार्च, रविवार, सकाळी
बाटली भरली. गुलाबी इंधन आत जाताच दुधाळ झालं. शुद्धतेचं लक्षण असावं.

मेहुणा आलाय, नुसता बघायला म्हणे, पण पिशवीत स्वतःची बाटली आहे. पिवळट, तेलकट. ती धुताना त्याला कुणी पाहिलेलं नाही. मला त्याची कीव आली.

९ मार्च, दुपारी
बायको दुसरी चालली होती. दुसरी. गाडी पिटमध्ये आली, मी बाटली दाबली. थोडं पंचांच्या टोपीवर गेलं, पण टाकी भरली. गाडी निघाली, पहिल्याच वळणावर खोकली आणि मागच्या नळीतून फेस आला. लिंबाचा वास सगळीकडे. मागून कुणीतरी विचारलं, गाडी धुवायला काढलीय का. मला हसू फुटलं. मग बायकोचा चेहरा दिसला आणि मी बाटली पाठीमागे लपवली.

मेहुणा धावत गेला, गाडी उचलून आणली. टाकी रिकामी केली, स्वतःच्या इंधनाने विसळली. हो, विसळली. मग भरली. जाता जाता म्हणाला, दाजी, मेहनतीवर पाणी पडलं. इंजिन चालू झालं.

९ मार्च, संध्याकाळी
तिसरी आली. पुढच्या दोघा-तिघांच्या गाड्या एकमेकींवर आपटल्या म्हणून. साबण नसता तर पहिली आली असती, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, पुढच्या वेळेपासून पिटमध्ये दादा. मी बरं म्हटलं. खूप वाईट वाटलं.

बक्षिसाच्या वेळी टीमचा फोटो झाला. बायको मधे कप घेऊन, शेजारी मेहुणा. मीही केस नीट करून निघालो होतो, तर तिने मोबाईल माझ्या हातात दिला.

फोटो छान आलाय. डाव्या कोपऱ्यात माझं बोट आहे. म्हणजे टीममध्ये आहे मी.