वीस मजले, सहा सेकंद

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तब्येत ठीक आहे. जेवतो, तलावावर वेळेवर जातो. पोहायला शिकणाऱ्या पोरांनी बुडी मारली की शेवटचं डोकं वर येईपर्यंत माझाच श्वास अडकतो, एवढंच.

रागावशील, पण पुन्हा तेच विचारतो. हिच्या ऑफिसची इमारत कोसळतानाची चित्रफीत काल शर्यतीचं घड्याळ लावून पाहिली. वीस मजले, सहा सेकंद! आग बाराव्या मजल्यावर होती, म्हणजे खालचे अकरा धडधाकट. त्यांनी अडवलं कसं नाही? आणि झाड कलतं तशी ती एका अंगावर का नाही पडली? जागच्या जागी खाली बसली. ताई, कुणीतरी सुरुंग लावला होता. हिला कुणीतरी मारलं. तू इमारतींची इंजिनियर, चौकशी समितीपुढे तुझी साक्ष आहे, तिथे तसं सांग.

दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
धाकटा


११ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गणितात काठावर पास होणारा तू मला हिशेब विचारतोस, हे बघायला आई हवी होती.

ऐक. तेवढ्या, म्हणजे सत्तर मीटर उंचीवरून सुटलेला दगड पावणेचार सेकंदांत जमिनीवर येतो. इमारतीला सहा लागले. वरचे सव्वादोन सेकंद म्हणजे खालच्या मजल्यांनी केलेला विरोध. अडवलं रे त्यांनी, पण त्यांची ताकद पुरली नाही. डोक्यावर पोतं घेऊन माणूस उभा राहतो; तेच पोतं माडीवरून टाकलं तर मान मोडते. आगीत पोलाद मऊ पडलं, बाराव्याचे खांब वाकले आणि वरचे आठ मजले त्या पोत्यासारखे खाली आले. कलायचं तर एका बाजूच्या खांबांनी सगळा भार पेलायला हवा. तेच चिरडले, मग कलणार कशाच्या आधारावर?

मी खोटी साक्ष देणार नाही. पण तू एवढा हट्टाला का पेटलास? फोनही उचलत नाहीस. मनात काय आहे ते एकदा लिही.

वेळेवर जेव. आमचा जीव तुझ्यात आहे.

तुझी
ताई


१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हिशेब पटला. न पटून सांगतो कुणाला?

आग लागल्यावर हिने मला फोन केला होता. जिन्यात धूर आहे, पण काही लोक उतरताहेत, मीही निघू का, असं विचारलं. मी म्हटलं, जागची हलू नकोस. ताई सांगते ना, असल्या इमारती आगीत दोन तास उभ्या राहतात, तोवर बंबवाले पोचतील. ती बरं म्हणाली. तुझं नाव घेतल्यावर तिला शंका कसली? पन्नासाव्या मिनिटाला इमारत बसली.

सुरुंग असता तर तुझा आकडा खोटा ठरला नसता आणि माझा शब्दही. हे तुझ्यापर्यंत येऊ द्यायचं नव्हतं. आता फोन वाजला की वाटतं, ती अजून विचारतेय, निघू का.

राग मानू नकोस.

धाकटा


२७ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र दाजींना वाचून दाखवायला घेतलं; शेवट त्यांनी वाचला.

ते दोन तास भट्टीत एकेकटा खांब तापवून ठरवलेले असतात. अख्खी इमारत भट्टीत घालता येत नाही. हे मला ठाऊक होतं. तुमच्या घरी जेवताना मी तेवढंच गाळलं, कारण तिला पंधराव्या मजल्याची धास्ती वाटायची आणि मला ती घालवायची होती.

तुझ्यापासून लपवणार नाही: त्या वेळी तिच्या मजल्यावरून सातजण उतरले, चौघे वाचले. काल समितीपुढे मी माझं ते दोन तासांचं वाक्यही सांगितलं. हे लिहून घ्यायचं का, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, घ्या.

आज कॉलेजात माझ्या तासाला एका मुलीने विचारलं, मॅडम, आगीत इमारत किती वेळ टिकते? खडू हातात होता. आकडा लिहिला नाही. म्हटलं, विचारत बसू नकोस, उतर.

रविवारी येते आहे. माझ्यावर रागावलेला असलास तरी दार उघड.

तुझी
ताई