ग्लासाखालची तुती

आत्या, आज रसवंतीवर काचेचा ग्लास हातात आला आणि राहुरीची तुझी खोली आठवली. कॉलेजमागची ती खोली म्हणजे तुझी प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघरही. ज्या कुकरात जंतू मरावेत म्हणून बाटल्या वाफवायचीस, त्यातच संध्याकाळी आपला भात. तुतीच्या पानाचा नखाएवढा तुकडा तू बाटलीत ठेवायचीस, खाली साखर आणि शहाळ्याचं पाणी घालून जेलीसारखा घट्ट केलेला थर. मी म्हणायचो, "फांदी खोचली तरी तुती येतेच की." तू म्हणायचीस, "फांदीतून एक येईल. पानातून किती येतील, बघायचंय मला." शहाळी आणायला मला पाठवायचीस आणि मी डोंबाऱ्याचा खेळ बघत उभा. ते असो.

प्राचार्यांनी बजावलं होतं, कॉलेज उघडायच्या आत मातीत जगलेलं रोप दाखवा, नाहीतर खोली सामानाला द्या. पहिला कोंब आला आणि शिपाईमामांनी मायेनं कापसाचं बूच काढून ठेवलं. बाटलीभर बुरशी!

"कोंडलं हुतं ओ बाई ते. म्हनलं, वाईच वारं लागू द्यावं."

तू बघत राहिलीस आणि मग हसलीस. "मामा, वारं खायला आपण दोघं धरणावर जाऊ. त्याला नको." त्याच दुपारी नवं पान कापायला बसलीस. मी असतो तर बाटल्या फोडून गाव सोडलं असतं.

पुढं एकाच बाटलीतलं रोप मुळं धरून कुंडीत आलं. बाहेरच्या कोरड्या हवेत ते कोमेजू नये म्हणून त्यावर काचेचा ग्लास पालथा. रोज थोडा जास्त वेळ उचलायचा, सवय लागेपर्यंत. नेमकं तुला पेपर तपासायला पुण्याला जावं लागलं. रोप माझ्यावर सोपवलंस तेव्हा दादा, माझेच वडील, म्हणाले, "ह्याच्यावर? ह्याला दळणाला धाडलं तर पीठ गिरणीत ऱ्हातं, हा बाजारात!" तू म्हणालीस, "कोंडलेल्याला कधी सोडायचं, ते ह्याला कळतं."

आणि देवळाली प्रवऱ्याला कुस्त्या लागल्या. मी काही खोलीत बसणारा नव्हे, पण रोप तरी एकटं कसं टाकू? एसटीत बसलोय, मांडीवर कुंडी, तिच्यावर ग्लास. कंडक्टर वाकून बघतो. "ह्याचं हाफ काढू का फुल?" सगळी गाडी हसते. तिथं मित्राच्या उसात, पाटाच्या कडेला, मी रोज ग्लास उचलतो, पान मान टाकायला लागलं की परत ठेवतो. कुस्त्या संपल्या तरी मी उसातच.

परत आलो तर तू दारात, तोंड पांढरंफटक. खोलीत रोप नव्हतं ना. मी कुंडी पुढं केली. नवं पान फुटलेलं, ग्लास माझ्या पिशवीत. तू वाकून ते पान निरखलंस. मग तुतीलाच म्हणालीस, "उसातला ओलावा मानवला गं बाई तुला. गाव बघून आलीस होय?" खोली राहिली. तुती खोलीमागं लावलीस, आणि लगेच दुसरं पान कापायला घेतलंस.

तुला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. मी अजून कुठं टिकत नाही. चहाचा वास आला तरी गाडीतून उतरतो. परवा एसटी राहुरीला थांबली. कंडक्टरनं दोनदा विचारलं, उतरायचंय का. तुती तिथं नसली तर, या भीतीनं मी उतरलो नाही.