तार नसताना हललेला दात

ती. आईस नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं.

प्रयोगशाळेतलं काम तेच. मेणात बसवलेल्या नकली दातांना ते सरळ करायची तार लावायची आणि दात किती सरकला ते प्रकाशाच्या सेन्सरने मोजायचं. केसाहून बारीक हालचालही त्याला कळते.

परवा तार न लावताच दात हलताना दिसला. सगळ्यांनी सेन्सरला नावं ठेवली. ते चहाला गेल्यावर मी टेबलावर टेकवलेला हात उचलला, तसा दात गप्प बसला. साहेबांना सांगितलं, टेबल डुगडुगतंय.

बाबांना कप अजून अर्धाच भरून देतेस ना? त्यांचा हात पहिल्यांदा थरथरला तेव्हा त्यांचं वय काय होतं? सहज विचारतेय. त्यांना पत्र वाचून दाखवताना एवढं गाळ.

तुझी धाकटी